मीटर पाच व्होल्ट दाखवतो, मग बोर्ड रिसेट का होतो?

प्रश्न थोडक्यात असा: ठिबकचे चार व्हॉल्व्ह चालवणारा बोर्ड तुम्ही स्वतः बनवलाय. एटीमेगा ३२८ ची (प्रोग्रॅम चालवणारी मायक्रोकंट्रोलर) चिप, चार रिले, आणि रिलेवर २४ व्होल्ट एसीचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. दिवसातून तीन-चार वेळा, बहुतेकदा एखादा व्हॉल्व्ह बंद होताना, बोर्ड आपोआप रिसेट होतो. मल्टीमीटर लावून बसलात तर सप्लाय ५.०२ व्होल्ट, आकडा हलतसुद्धा नाही. कुणीतरी म्हणालं, ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय सापडायचं नाही. पॉलिटेक्निकमध्ये सीआरओवर, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या ऑसिलोस्कोपवर, साइन वेव्ह पाहिली होती, जर्नलवर सहीही झाली होती, पण तो आतून काय करतो, अशा कामाला कसा लावायचा आणि घ्यायचा तर कोणता, हे नीट कळलेलं नाही.

सांगणाऱ्याने बरोबर सांगितलंय. मी वीस वर्षांहून जास्त काळ पॉवर सप्लाय आणि कंट्रोल बोर्डांवर काम करतोय. ‘मधूनच होतं, समोर उभं राहिलं की होत नाही’ अशा तक्रारींत स्कोपइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही. पण स्कोपला आधी नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याच्या उत्तरात प्रोबची, म्हणजे सर्किटला टेकवायच्या मोजणीच्या टोकाची, भेसळ किती आहे हे ओळखावं लागतं. प्रॅक्टिकलच्या दोन तासांत या दोन्ही गोष्टी राहून जातात, म्हणून मी त्यांच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी मीटरचं. तो खोटं बोलत नाहीये. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि प्रत्येक आकडा मधल्या वेळाची सरासरी असते. समजा पाच व्होल्टची लाइन २०० मायक्रोसेकंदांपुरती अडीच व्होल्टांवर आली. ४०० मिलीसेकंदांच्या सरासरीत ही पडझड दोन हजारावा हिस्सा, म्हणजे आकड्यात सव्वा मिलीव्होल्टाचा फरक. मीटरला तो दिसणारच नाही. चिपला मात्र तेवढा वेळ भरपूर झाला. अर्डुइनो उनोवर याच चिपची ब्राउन-आउटची मर्यादा २.७ व्होल्टला लावलेली असते. लाइन त्याखाली काही मायक्रोसेकंद राहिली की चिप स्वतःला रिसेट करून घेते. तुमच्या मीटरने सरासरी सांगितली, चिपला क्षण महत्त्वाचा होता.

स्कोप हा क्षण दाखवतो: उभ्या दिशेला व्होल्टेज, आडव्या दिशेला वेळ. फर्डिनांड ब्राउनने १८९७ मध्ये स्ट्रासबुर्गला कॅथोड किरणांची नळी बनवली, तेव्हापासून कल्पना तीच आहे. तुमच्या कॉलेजातल्या सीआरओत इलेक्ट्रॉनचा एक बारीक झोत पडद्यावर आपटून हिरवा ठिपका उमटवायचा. वरच्या-खालच्या पट्ट्यांना तुमचा सिग्नल, म्हणून ठिपका वर-खाली. डाव्या-उजव्या पट्ट्यांना करवतीच्या दातासारखं वाढत जाणारं व्होल्टेज, म्हणून ठिपका एकसारख्या वेगाने डावीकडून उजवीकडे जायचा आणि झटकन परत यायचा. टाइम पर डिव्हिजनचं बटण फिरवताना तुम्ही या दाताचा चढ बदलत होतात, आणि व्होल्ट्स पर डिव्हिजनने अँप्लिफायरचा गेन.

यात एक अडचण आहे आणि स्कोपचं सगळं मर्म तिच्यात आहे. ठिपका दर वेळी डावीकडून निघतो, पण त्या क्षणी तुमची लहर कुठे असेल? एकदा शिखरावर, एकदा खाली, एकदा मध्येच. असे शेकडो फेरे एकमेकांवर पडले की पडद्यावर नुसता गुंता दिसतो, किंवा लहर सरकत राहते. उपाय असा की ठिपक्याने मनाला येईल तेव्हा निघायचं नाही. सिग्नल एका ठरावीक व्होल्टेजला, ठरावीक दिशेने, वर जाताना किंवा खाली येताना, पोहोचला की मगच निघायचं. हाच ट्रिगर. दर फेरा त्याच जागेवरून निघतो आणि चित्र स्थिर उभं राहतं. टेक्ट्रॉनिक्सचा १९४७ चा ५११ हा स्कोप गाजला तो या ट्रिगरने चालणाऱ्या स्वीपमुळेच.

ट्रिगर चित्र स्थिर करतो एवढंच बहुतेकांना माहीत असतं. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे: तुमचा प्रश्न तुम्ही ट्रिगरमध्ये लिहिता. ‘लाइन साडेचार व्होल्टांखाली गेली का? गेली तर तो क्षण मला दाखव, नाहीतर गप्प राहा.’ हे वाक्य स्कोपला सांगायचं तर ट्रिगरची पातळी ४.५ व्होल्ट, दिशा खाली येणारी, आणि मोड नॉर्मल किंवा सिंगल. ऑटो मोडमध्ये ट्रिगर आला नाही तरी स्कोप स्वतःहून रेषा काढत राहतो. नुसतं काहीतरी दिसायला हवं असेल तेव्हा तो ठीक, घटनेची वाट पाहायची असेल तेव्हा तो तुमचं चित्र पुसून टाकतो. नॉर्मलमध्ये ट्रिगर आल्याशिवाय पडदा बदलत नाही. सिंगलमध्ये एकदा पकडलं की स्कोप थांबतो आणि पकडलेलं धरून बसतो. तुमच्या कामाला सिंगल.

आता डिजिटल स्कोप, म्हणजे डीएसओ. यात सिग्नल अँप्लिफायरमधून निघून थेट एडीसीकडे, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाकडे, जातो, सेकंदाला कोट्यवधी नमुने घेतले जातात आणि मेमरीत भरले जातात. ही मेमरी मला नेहमी विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखी वाटते. गाडगी सतत भरतात, वर येतात, रिकामी होतात, पुन्हा खाली जातात. ट्रिगर आला की रहाट तिथल्या तिथे थांबत नाही. अजून अर्धा फेरा फिरून मग थांबतो. म्हणजे थांबला तेव्हा निम्म्या गाडग्यांत ट्रिगरनंतरचं पाणी असतं आणि निम्म्यांत ट्रिगरच्या आधीचं. घटना घडण्याआधी काय चाललं होतं हे साधा सीआरओ सहसा दाखवू शकत नव्हता, डीएसओ दाखवतो, आणि दोष शोधणाऱ्याला बहुतेक वेळा तेच हवं असतं. पडदा उघडल्यावर ट्रिगरचा बाण मधोमध असतो त्याचं कारण हे.

गाडगी किती आहेत यालाही महत्त्व आहे. सेकंदाला १०० कोटी नमुने घेणारा स्कोप आणि मेमरी फक्त १०,००० नमुन्यांची असेल, तर पूर्ण वेगात तो जेमतेम १० मायक्रोसेकंद साठवतो. एक कोटी नमुन्यांची मेमरी असेल तर १० मिलीसेकंद. मेमरी कमी आणि तुम्ही टाइमबेस संथ केला, तर स्कोप गुपचूप नमुने घेण्याचा वेग कमी करतो. समजा एक सेकंदाचा पट्टा पाहायला तुम्ही १०० मिलीसेकंद पर डिव्हिजन लावलं, मेमरी १०,००० ची. नमुने सेकंदाला फक्त १०,०००. आता ६२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एसएमपीएसचा (स्विचिंग सप्लायचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक लहर, पडद्यावर २ किलोहर्ट्झची छान गुळगुळीत लहर म्हणून दिसेल. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसलाच हा प्रकार. शंका आली की टाइमबेस एक-दोन पायऱ्या बदलून बघा. लहरीची वारंवारता टाइमबेसबरोबर बदलली तर ती लहर खरी नाही. नाहीतर पीक डिटेक्ट मोड लावा, त्यात दोन नमुन्यांमधली वर-खालची टोकं जपली जातात.

उभ्या दिशेलाही मर्यादा आहे. बहुतेक स्वस्त स्कोपांचा एडीसी ८ बिटचा, म्हणजे सगळ्या पडद्याच्या उंचीत २५६ पायऱ्या. एक व्होल्ट पर डिव्हिजनला आठ खाने धरले तर एक पायरी ३१ मिलीव्होल्टांची. पाच व्होल्टच्या लाइनवर २० मिलीव्होल्टचा रिपल असा दिसणारच नाही. तेव्हा कपलिंग एसी करा, डीसी भाग निघून जाईल, आणि २० मिलीव्होल्ट पर डिव्हिजनवर या. मात्र ब्राउन-आउट शोधताना कपलिंग डीसीच हवं, कारण तिथे खरी पातळी किती खाली गेली हाच प्रश्न आहे. आता १२ बिटचे, ४०९६ पायऱ्यांचे स्कोपही हौशी माणसाच्या आवाक्यात यायला लागलेत.

आता प्रोबकडे येतो. नवीन माणूस प्रोबला नुसती वायर समजतो आणि इथेच फसतो.

प्रोबच्या टोकाशी तुम्ही जे जोडता ते तुमच्या सर्किटचा भाग होतं. एक्स-वनला (सिग्नल जसाच्या तसा देणाऱ्या खुणेवर) लावलेला प्रोब सर्किटवर १ मेगाओम आणि साधारण १०० पिकोफॅरड लादतो. तुमच्या चिपच्या क्रिस्टलवर २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर असतात. तिथे एक्स-वन प्रोब टेकवला तर क्रिस्टल बंद पडू शकतो, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की क्रिस्टल मेलेला आहे. एक्स-टेनला प्रोबच्या टोकात ९ मेगाओमचा रेझिस्टर येतो, स्कोपच्या १ मेगाओमबरोबर मिळून दहास एक असा भाग पडतो, आणि टोकाचा कपॅसिटन्स १०-१५ पिकोफॅरडवर येतो. शिवाय एक्स-वनची बँडविड्थ जेमतेम सहा ते दहा मेगाहर्ट्झ असते. माझ्या टेबलावर प्रोब कायम एक्स-टेनवरच असतो. एक्स-वन फक्त काही मिलीव्होल्टांचा रिपल बघायला. प्रोबवरचं बटण आणि स्कोपच्या मेनूतला आकडा एकच आहे ना हे रोज बघायचं. नाहीतर ५ चे ५० होतात.

एक्स-टेन प्रोब स्कोपशी जुळवून घ्यावा लागतो. स्कोपच्या पुढच्या बाजूला एक छोटी लोखंडी कडी असते, तिथे १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. प्रोबचा हुक तिथे अडकवा, क्लिप शेजारच्या ग्राउंडला. लहरीचे कोपरे गोल दिसले, आंघोळीच्या साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे, तर कॉम्पेन्सेशन कमी आहे. कोपऱ्यावर टोक निघालं तर जास्त आहे. प्रोबच्या मुठीत किंवा बीएनसीजवळ (स्कोपला जोडायच्या गोल कनेक्टरजवळ) एक बारीक स्क्रू असतो, तो सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवा. कोपरा काटकोनात येतो तो क्षण स्पष्ट दिसतो. प्रोब एका चॅनेलवरून दुसऱ्यावर लावला तरी हे पुन्हा करायचं. अर्धं मिनिट लागतं.

आणि ग्राउंडची ती काळी वायर. १५ सेंटिमीटरची, टोकाला क्लिप. वायरचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरा, म्हणजे १५० नॅनोहेन्री. प्रोबचे १५ पिकोफॅरड धरले तर दोघांचा रेझोनन्स १०६ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. कोणतीही झटकन बदलणारी कड आली की ही जोडी घंटीसारखी वाजते, आणि पडद्यावर कडेपाठोपाठ कंप दिसतात. सुरुवातीच्या काळात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी एका मॉसफेटच्या (स्विचसारखा वापरायच्या ट्रान्झिस्टरच्या) गेटवरचा असा कंप घालवायला दोन दिवस घालवले. गेटचा रेझिस्टर बदलला, ट्रॅक कापून आखूड केला, फेराइटचा मणी घातला. फरक शून्य. तिथल्या एका वयस्कर तंत्रज्ञाने काही न बोलता माझ्या प्रोबचा हुक ओढून काढला, आतल्या धातूच्या कड्याभोवती रेझिस्टरचा कापलेला पाय दोन वेढे गुंडाळला, त्याचं टोक सोर्सच्या पायाला टेकवलं आणि प्रोबची सुई गेटला. पडद्यावर स्वच्छ कड आली. कंप सर्किटमध्ये नव्हताच, माझ्या काळ्या वायरीत होता. त्यांनी त्या दिवशी शिकवलेली एक परीक्षा मी आजही रोज करतो: प्रोबचं टोक आणि क्लिप दोन्ही एकाच ग्राउंडवर लावा आणि सर्किट चालू करा. रेषा सपाट यायला हवी. तिथे जे टोचे (क्षणभराच्या उसळ्या) दिसतील ते प्रोबच्या फासाने हवेतून उचललेले आहेत, तुमच्या सिग्नलचे नाहीत.

सुरक्षिततेबद्दल मला थोडं सावकाश बोलायचंय, कारण इथे चूक झाली तर नुकसान बोर्डापुरतं राहत नाही. घरच्या प्लगवर चालणाऱ्या स्कोपचं ग्राउंड क्लिप थेट अर्थला जोडलेलं असतं. बीएनसीचं बाहेरचं कडं, स्कोपची चौकट, प्लगची जाड पिन, सगळं एक. म्हणजे क्लिप तुम्ही जिथे लावाल ती जागा अर्थ झाली. एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूचा मायनस दिसायला ग्राउंड दिसतो, पण ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांतून) तो दर फेऱ्याच्या अर्ध्या भागात फेजला जोडला जातो. तिथे क्लिप लावली की फेज थेट अर्थला. मी एकदा हे केलंय. जळल्याचा निळा लोळ, क्लिपचे दात वितळलेले, ब्रिज फुटलेला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

यावर आपल्याकडचा प्रचलित तोडगा म्हणजे स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं. कृपा करून हे करू नका. तेव्हा क्लिप ज्या व्होल्टेजला असेल त्या व्होल्टेजला स्कोपची सगळी चौकट जाते, आणि २३० व्होल्टच्या मेन्समध्ये शिखर ३२५ व्होल्टांचं असतं. योग्य मार्ग म्हणजे डिफरन्शियल प्रोब (अर्थ मध्ये न आणता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा), किंवा ज्या वस्तूवर काम करताय ती मेन्सपासून वेगळं करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घेणं. तेही नसेल तर दोन एक्स-टेन प्रोब, दोघांच्या क्लिपा कुठेही न लावता, दोन टोकं दोन बिंदूंना आणि स्कोपच्या मॅथमध्ये एकातून दुसरं वजा. प्रोबवर किती व्होल्टांची मर्यादा छापली आहे ते आधी वाचा.

तुमच्या बोर्डाबाबत दोन गोष्टी आधी तपासा. एक, पाच व्होल्टचा सप्लाय ट्रान्सफॉर्मर असलेला किंवा आयसोलेटेड मॉड्यूलचा आहे ना. स्वस्त बोर्डांत कपॅसिटरने मेन्स उतरवून पाच व्होल्ट बनवलेले असतात. तसा असेल तर त्याचा ग्राउंड मेन्सलाच जोडलेला आहे, क्लिप लावायची नाही. दोन, जिथे काम करताय तिथल्या प्लगला खरी अर्थिंग आहे ना. शेतावरच्या खोलीत बऱ्याचदा अर्थची वायर कुठेच पोहोचलेली नसते. मग स्कोपच्या आतल्या फिल्टरमुळे त्याची चौकट मेन्सच्या निम्म्यावर तरंगते, बीएनसीला हात लावला की मुंग्या येतात, आणि क्लिप टेकवतानाच चिप जाऊ शकते. मुंग्या आल्या तर आधी अर्थिंग करून घ्या, मापन नंतर. आणि स्कोपच्या दोन्ही प्रोबच्या क्लिपा आतून एकच असतात, म्हणून दोन्ही नेहमी एकाच बिंदूवर.

कोणता घ्यावा? पडद्यासकट खिशात मावणारी जी किट मिळतात, ती सेकंदाला दहा लाख नमुने घेतात, म्हणजे मायक्रोसेकंदाला एक. ऑडिओला चालेल; तुमचे टोचे त्या दोन नमुन्यांच्या मधून निघून जातील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना २० मेगाहर्ट्झचा सीआरओ मिळाला तर शिकायला तो सुंदर आहे, पुन्हा पुन्हा येणारी लहर त्याच्याइतकी जिवंत कुठे दिसत नाही, पण दिवसातून तीनदा होणारी घटना तो धरून ठेवू शकत नाही. तुम्हाला दोन चॅनेलचा डीएसओ हवा. बँडविड्थ म्हणजे ज्या वारंवारतेला साइन वेव्ह ७०.७ टक्के उंचीची दिसते ती, ०.३५ ला तिने भागलं की स्कोपचा स्वतःचा राइज टाइम मिळतो. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, ५० ला ७. तुमच्या कामाला ५० पुरतात, १०० असले तर बरं. बँडविड्थच्या किमान चार-पाच पट नमुने आणि लाखांत मेमरी हवी. बँडविड्थ आणि मेमरी यांत निवडायची वेळ आली तर या कामासाठी मी मेमरी घेईन.

स्कोप आल्यावर पहिला महिनाभर ऑटो बटण दाबू नका. ते बटण तुमच्यासाठी प्रश्न निवडतं, आणि तुमचा प्रश्न त्याला माहीत नसतो. सरावाला चिपमधून ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) कॅपिटल ‘ए’ हे अक्षर सतत पाठवा आणि हाताने वाचा. एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. लाइन एरवी वर असते. मग एक बिट खाली, एक वर, पाच खाली, एक वर, एक खाली आणि शेवटी वर. हे स्वतःच्या डोळ्यांनी मोजून वाचता आलं की टाइमबेस आणि ट्रिगर हातात बसले असं समजा.

आता तुमचा बोर्ड. चिप २८ पायांची डीआयपी असेल तर ७ नंबरचा पाय सप्लाय आणि शेजारचा ८ ग्राउंड. पहिल्या चॅनेलच्या प्रोबची सुई ७ वर, आखूड ग्राउंड ८ वर. सप्लायच्या टर्मिनलवर मोजू नका, चिपच्या पायावर मोजा. मधल्या ट्रॅकमध्ये आणि वायरीतच अर्धी गोष्ट घडत असते. डीसी कपलिंग, एक व्होल्ट पर डिव्हिजन. दुसरा चॅनेल रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे जाणाऱ्या चिपच्या पायावर. टाइमबेस दोन मिलीसेकंद. ट्रिगर पहिल्या चॅनेलवर, खाली येणारी कड, ४.५ व्होल्ट, सिंगल. पण दिवसभर वाट पाहू नका. रिले दर दोन सेकंदांनी चालू-बंद करणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, व्हॉल्व्ह खरेच जोडलेले ठेवून.

पकडलेल्या चित्राचा आकारच कारण सांगतो. रिले चालू होण्याच्या क्षणी पातळी पायरीसारखी खाली बसून काही मिलीसेकंद तिथेच राहिली, तर सप्लाय दमतोय किंवा वायर बारीक आहे. पाच व्होल्टचा छोटा रिले सुमारे ७० मिलीअँपिअर घेतो, चार एकदम लागले तर २८०. दर १० मिलीसेकंदांनी पातळी करवतीसारखी उतरत असेल तर ती शंभर हर्ट्झची खूण, फिल्टरचा कपॅसिटर सुकलाय.

तुम्ही सांगताय ते व्हॉल्व्ह बंद होताना, म्हणून माझा अंदाज तिसऱ्या आकारावर आहे. अशाच एका बोर्डावर मी पाहिलं ते असं: दुसऱ्या चॅनेलवर रिले बंद करण्याची आज्ञा गेली, पाच व्होल्टची लाइन शांत. एक, दोन, तीन मिलीसेकंद काही नाही. सहाव्या मिलीसेकंदाच्या सुमाराला एकदम टोच्यांचा पुंजका, वर-खाली, शंभरेक मायक्रोसेकंद, आणि पुन्हा शांत. हा उशीरच पुरावा होता. आज्ञेनंतर रिलेचा काँटॅक्ट प्रत्यक्ष सुटायला काही मिलीसेकंद लागतात. म्हणजे दोष रिलेच्या कॉइलचा नव्हता, काँटॅक्ट सुटताना व्हॉल्व्हच्या कॉइलने काढलेल्या ठिणगीचा होता. आणि दिवसातून तीन-चारच वेळा का, याचंही उत्तर तिथेच मिळालं. पन्नास हर्ट्झचा करंट दर १० मिलीसेकंदांनी शून्यावर येतो. काँटॅक्ट शून्याजवळ सुटला तर ठिणगी जवळपास नाहीच. शिखराजवळ सुटला तर कॉइलमधली सगळी ऊर्जा व्होल्टेज बनून उसळते. सुटण्याची वेळ नशिबावर, म्हणून रिसेटही नशिबावर.

हे टोचे खरे की प्रोबने उचललेले, त्यासाठी सुईसुद्धा ८ नंबरच्या पायावर ठेवून तीच परीक्षा घ्या. उंची तेवढीच राहिली तर पाच व्होल्टची लाइन निर्दोष आहे आणि ठिणगी हवेतून शिरतेय. मग प्रोब १ नंबरच्या पायावर, म्हणजे रिसेटवर न्या. त्या पायाचा आतला पुल-अप (पाय पाच व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) अशक्त असतो, आणि बाहेर बटणापर्यंत लांब वायर गेली असेल तर ती अँटेनाच. पायापासून पाच व्होल्टला १० किलोओम आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही चिपला चिकटून. सिरियलवरून प्रोग्रॅम टाकत असाल तर हा कपॅसिटर ऑटो-रिसेटच्या आड येतो, तेव्हा प्रोग्रॅम टाकून झाल्यावर बसवा.

मूळ इलाज मात्र ठिणगीचाच. व्हॉल्व्हच्या दोन वायरींमध्ये, टर्मिनलपाशीच, १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ (हाच स्नबर), किंवा ३० व्होल्ट एसीच्या आसपासचा एमओव्ही, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज शोषून घेणारा भाग. डीसी रिलेवर लावतो तसा डायोड इथे चालणार नाही, एसीचा अर्धा फेरा तो शॉर्ट करेल. व्हॉल्व्हच्या वायरी चिपच्या बाजूने नेल्या असतील तर बोर्डाच्या दुसऱ्या कडेने न्या.

स्नबर बसवल्यावर ट्रिगर, पातळी, प्रोबची जागा, काही बदलू नका. तोच चालू-बंद करणारा प्रोग्रॅम लावा, सिंगल दाबा आणि शेतावरच्या कामाला निघून जा. दर दोन सेकंदांनी एक असे आठ तासांत चौदा हजारांहून जास्त वेळा रिले बदलतील, त्यांतले कित्येक नेमके शिखरावर. संध्याकाळी परत याल तेव्हा पडद्यावर ट्रिगरपाशी अजून ‘रेडी’ लिहिलेलं असेल, तर बोर्ड डब्यात घालून स्क्रू आवळायला हरकत नाही.